स्वच्छ केलेली किंमत आणि उघडे राहिलेले अवतरणचिन्ह: ‘ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’ प्लगइनमधील दोषाचा प्रकरण अभ्यास

मे २०२३ च्या पहिल्या आठवड्यात, संकेतस्थळे चालवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वर्डप्रेसच्या ‘ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’ या प्लगइनमध्ये (जोड-साधनामध्ये) क्रॉस-साइट स्क्रिप्टिंगचा, म्हणजे हल्लेखोराचा कोड दुसऱ्याच्या संकेतस्थळाच्या पानात चालू देणारा, एक दोष सापडला, दुरुस्त झाला आणि जाहीर झाला. जाहीर झाल्यापासून सुमारे २४ तासांत त्याचा गैरवापर करू पाहणाऱ्या विनंत्या संकेतस्थळांवर येऊ लागल्या. या दोषाचा अधिकृत क्रमांक सीव्हीई-२०२३-३०७७७ असून त्याची तीव्रता १० पैकी ७.१ अशी नोंदवली गेली. प्लगइनांमध्ये असे दोष सतत सापडतात आणि त्यांपैकी बहुतेकांबद्दल सांगण्यासारखे फारसे काही नसते: बाहेरून आलेला मजकूर कोणीतरी न तपासता पानावर छापलेला असतो, एवढेच. हे प्रकरण वेगळे आहे, कारण येथे बाहेरून आलेली किंमत (व्हॅल्यू, म्हणजे एखाद्या घटकात भरलेला मजकूर) तपासून, गाळूनच आत घेतली होती. प्रोग्रामर बेफिकीर होता असे म्हणून ते निकालात काढता येत नाही, आणि त्यामुळेच ते ओळीओळीने पाहण्याजोगे ठरते.

प्लगइन आणि त्याचा पसारा

वर्डप्रेसमध्ये मूळचा लेख म्हणजे शीर्षक, मजकूर आणि थोडीफार इतर माहिती. महाविद्यालयाला प्रवेशाची अंतिम तारीख, प्रकाशकाला पुस्तकाची पृष्ठसंख्या किंवा हॉटेलला खोलीचे भाडे वेगळ्या रकान्यात भरायचे असेल, तर असे रकाने तयार करून देणारे साधन लागते. ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स हे त्या कामाचे सर्वांत परिचित साधन आहे. एलियट कॉन्डन या ऑस्ट्रेलियन विकसकाने ते २०११ मध्ये सुरू केले. २०२१ मध्ये ते डिलिशस ब्रेन्स या कंपनीकडे गेले आणि २०२२ मध्ये डब्ल्यूपी इंजिनकडे. दोष जाहीर झाला तेव्हा मोफत आणि ‘प्रो’ या दोन्ही आवृत्त्या मिळून २० लाखांहून अधिक संकेतस्थळांवर हे प्लगइन चालू होते.

हा आकडा मोठा आहेच, पण प्लगइन संकेतस्थळावर कोणत्या वाटेने पोहोचते, ही बाब या प्रकरणात अधिक महत्त्वाची आहे. मोफत आवृत्ती वर्डप्रेसच्या सार्वजनिक भांडारातून येते आणि तिचे अपडेट डॅशबोर्डवर दिसते. प्रो आवृत्तीच्या अपडेटसाठी चालू परवाना लागतो, आणि तो संपला तर प्लगइन चालत राहते पण अपडेट थांबते. तिसरी वाट म्हणजे विकत घेतलेल्या थीमच्या पोटात दडून आलेले प्लगइन. थीम बनवणाऱ्यांना असे करण्याची मुभा आहे, परंतु अशा वेळी आपल्या संकेतस्थळावर हे प्लगइन आहे याचाच मालकाला पत्ता नसतो आणि त्याची दुरुस्ती थीमचा पुढचा अपडेट येईपर्यंत अडकून पडते.

दोषाची जागा

व्यवस्थापन विभागात या प्लगइनचे एक पान असते, ज्यावर तयार केलेल्या रकान्यांच्या गटांची यादी दिसते. यादी वेगवेगळ्या प्रकारे पाहता येते: सर्व गट, बंद ठेवलेले गट, कचरापेटीतील गट, सिंक व्हायचे बाकी असलेले गट. कोणती यादी दाखवायची हे पानाच्या पत्त्यातील ‘पोस्ट स्टेटस’ या घटकावरून ठरते. यादीनुसार पानाची मांडणी किंचित बदलावी म्हणून प्लगइन त्या घटकाची किंमत घेऊन तिच्यापुढे ‘व्ह्यू’ हा शब्द जोडत असे आणि तयार झालेले नाव पानाचा सारा दिसणारा भाग सामावणाऱ्या ‘बॉडी’ या एचटीएमएल टॅगच्या ‘क्लास’ गुणधर्मात टाकत असे. रचनेच्या सोयीसाठी असे करणे सर्रास चालते आणि त्यात वावगे काही नाही.

बॉडी टॅग प्लगइन स्वतः छापत नाही. तो वर्डप्रेसचा गाभा छापतो. त्याआधी गाभा ‘ॲडमिन बॉडी क्लास’ नावाचा फिल्टर चालवून सर्व प्लगइनांना विचारतो की क्लासच्या यादीत कोणाला काही भर घालायची आहे का. प्रत्येक प्लगइन आपापले शब्द जोडून यादी पुढे देते. शेवटी जमा झालेला मजकूर गाभा दुहेरी अवतरणचिन्हांच्या आत जसाच्या तसा उतरवत असे.

पत्त्यातून आलेली किंमत प्लगइनने घेतली ती ‘सॅनिटाइझ टेक्स्ट फील्ड’ या वर्डप्रेसच्याच फंक्शनमधून. हे फंक्शन काय करते ते नीट पाहायला हवे, कारण त्याच्या नावावरून जितका विश्वास वाटतो तितके काम ते करत नाही. ते सदोष यूटीएफ-८ मजकूर नाकारते, सर्व एचटीएमएल टॅग काढून टाकते, सुटे ‘पेक्षा लहान’ चिन्ह निरुपद्रवी रूपात बदलते, नव्या ओळी, टॅब आणि जादा मोकळ्या जागा आवरते आणि टक्केवारीच्या चिन्हाने सुरू होणारे संकेत वगळते. दुहेरी अवतरणचिन्हाला मात्र ते हात लावत नाही. लावूही नये, कारण साध्या मजकुराच्या रकान्यात कोणी संवाद लिहिला तर त्यातील अवतरणचिन्हे टिकलीच पाहिजेत. फंक्शन आपल्या कामात चोख होते. ते ज्या जागेसाठी बनले होते ती जागा वेगळी होती.

आता एखाद्याने पत्त्यात पोस्ट स्टेटसच्या जागी काही निरर्थक अक्षरे, मग एक दुहेरी अवतरणचिन्ह, मग मोकळी जागा आणि त्यापुढे ‘ऑनलोड’ हा गुणधर्म व त्याची किंमत म्हणून जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा कोड, लिहिली, तर काय होईल? टॅग नसल्यामुळे गाळणीला काढण्यासारखे काही सापडत नाही. अवतरणचिन्ह क्लासची किंमत तिथेच संपवते, आणि पुढचा मजकूर ब्राउझर बॉडी टॅगचा नवा, स्वतंत्र गुणधर्म म्हणून वाचतो. बॉडीचा ऑनलोड म्हणजे पान पूर्ण उतरताच चालवायचा कोड, त्यामुळे पीडिताने पानावर कुठे टिचकी मारण्याचीही गरज उरत नाही. हल्लेखोराला यापेक्षा सोयीची जागा मिळणे कठीण, कारण एखाद्या प्रतिमेच्या किंवा बटणाच्या गुणधर्मात शिरकाव झाला असता तर कोड चालवण्यासाठी आणखी काहीतरी युक्ती लागली असती.

वर्डप्रेसच्या इतिहासातील एक जुनी सवय येथे आठवते. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक किमतीतील अवतरणचिन्हांपुढे वर्डप्रेस आपणहून बॅकस्लॅश जोडते. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे त्या पीएचपीच्या एका जुन्या सोयीची ती नक्कल आहे आणि डेटाबेसला पाठवायच्या क्वेरींत तिला काही अर्थ होता. पानावर छापलेल्या अवतरणचिन्हापुढे बॅकस्लॅश दिसला की अनेकांना उगीचच निर्धास्त वाटते, परंतु एचटीएमएलला बॅकस्लॅशची भाषा कळत नाही. तिच्या दृष्टीने तो क्लासच्या नावातला एक फुकटचा वर्ण असतो आणि त्यापुढचे अवतरणचिन्ह गुणधर्म बंद करतेच.

दुरुस्ती इतकी लहान होती की ती वाचायला दोष समजून घेण्याइतकाही वेळ लागत नाही: क्लासच्या यादीत जोडण्यापूर्वी ती किंमत ‘एस्क ॲट्र’ या फंक्शनमधून नेण्यात आली. हे फंक्शन मजकुरातील काही काढत नाही. गुणधर्माच्या आत ज्या चिन्हांना विशेष अर्थ आहे त्यांना, अवतरणचिन्हांसकट, निव्वळ दाखवण्याच्या रूपात बदलते. निवडलेले तांदूळ धुवावे लागत नाहीत असे कोणी म्हणत नाही, पण प्रोग्रामिंगमध्ये आत घेताना गाळणे आणि बाहेर छापताना एस्केप करणे (विशेष चिन्हांना असे निव्वळ दाखवण्याचे रूप देणे) या दोन कामांची अशी गल्लत नित्य होते, कारण दोन्हींचे वर्णन ‘इनपुट सुरक्षित करणे’ या एकाच शब्दप्रयोगाने केले जाते. पहिले काम मजकूर कोणत्या प्रकारचा आहे यावर ठरते. दुसरे मात्र तो मजकूर कुठे छापला जाणार यावर ठरते, आणि ते आत घेताना ठाऊक असतेच असे नाही.

माझ्या मते येथे आणखी सरळ उपाय उपलब्ध होता. पोस्ट स्टेटसची वैध उत्तरे मोजकीच होती, म्हणून आलेली किंमत त्या मोजक्या शब्दांपैकी एक आहे का एवढेच तपासले असते आणि नसल्यास ती टाकून दिली असती, तर पुढे कोणी ती कुठेही छापली तरी बिघडले नसते. क्लासच्या नावांसाठी वर्डप्रेसमध्ये ‘सॅनिटाइझ एचटीएमएल क्लास’ हे खास फंक्शनही आहे, जे रोमन अक्षरे, अंक, आडवी रेघ आणि अधोरेखा सोडून सर्व काही काढून टाकते. मराठी संकेतस्थळांवर काम करणाऱ्यांना मात्र अशा कडक गाळण्यांचा दुसरा चेहरा परिचित असेल: देवनागरी मजकूर त्यांतून नेला की हाती रिकामी ओळ येते. जिथे मराठी मजकूर अपेक्षित आहे तिथे ही वाट बंदच असते, आणि छापताना एस्केप करण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

धोका कोणाला आणि किती

हा दोष परावर्तित प्रकारचा होता. म्हणजे घातक मजकूर संकेतस्थळावर साठत नाही. तो दुव्यात असतो, सर्व्हर तो पानात परत पाठवतो आणि ज्याने दुवा उघडला त्याच्याच ब्राउझरमध्ये तो चालतो. शिवाय ते पान व्यवस्थापन विभागातील असल्यामुळे लॉगिन केलेल्या आणि या प्लगइनची पाने पाहण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीनेच दुवा उघडायला हवा. हा अधिकार साधारणपणे प्रशासकाकडेच असतो. हल्लेखोराला मात्र कोणत्याही खात्याची गरज नव्हती. प्रशासकाला एक दुवा उघडायला लावणे पुरेसे होते.

या अटीमुळे दोष किरकोळ ठरवण्याकडे अनेकांचा कल असतो. तो बरोबर नाही. वर्डप्रेसच्या लॉगिन कुकी जावास्क्रिप्टला वाचता येत नाहीत हे खरे, पण त्या चोरण्याची गरजच काय? दुव्यातला कोड त्याच संकेतस्थळाच्या पानावर, प्रशासकाच्या चालू सत्रात धावत असतो. तो पार्श्वभूमीत ‘नवा वापरकर्ता’ हे पान मागवू शकतो, त्यातील नॉन्स (विनंती खरी असल्याची खूण म्हणून पानात दिलेला गुप्त संकेत) वाचू शकतो आणि तोच वापरून प्रशासकाच्या दर्जाचे नवे खाते उघडू शकतो. बाहेरून आलेल्या खोट्या विनंत्या रोखण्यासाठी असलेला नॉन्स येथे निरुपयोगी ठरतो, कारण विनंती आतूनच निघालेली असते. डॅशबोर्डमधील फाइल संपादक बंद केलेला नसेल तर तोच कोड थीमच्या किंवा प्लगइनच्या फाइलमध्ये पीएचपी लिहू शकतो, आणि त्या क्षणी प्रकरण ब्राउझरमधून उठून सर्व्हरवर पोहोचते.

वर्डप्रेसच्या काही मूळ बचावांनी वाट थोडी अरुंद केली होती. व्यवस्थापन विभागाची पाने दुसऱ्या संकेतस्थळाच्या आयफ्रेममध्ये, म्हणजे पानातल्या पानाच्या चौकटीत, उघडत नाहीत, त्यामुळे कुठल्यातरी पानात अदृश्य चौकट ठेवून हा दुवा गुपचूप चालवणे शक्य नव्हते. दुवा ब्राउझरच्या मुख्य खिडकीत उघडावा लागे. पण ‘तुमच्या साइटवरचे हे पान नीट दिसत नाही’ अशा मजकुराचा ई-मेल आल्यावर स्वतःच्याच संकेतस्थळाच्या पत्त्याने सुरू होणारा दुवा न उघडणारे प्रशासक किती असतील, हा प्रश्न उरतोच.

पाच दिवस

एस्टोनियातील पॅचस्टॅक या सुरक्षा कंपनीचे संशोधक राफी मुहम्मद यांना हा दोष आढळला आणि २ मे २०२३ रोजी कंपनीने प्लगइनच्या मालकांशी संपर्क साधला. ४ मे रोजी ६.१.६ ही दुरुस्त आवृत्ती आली, आणि जुन्या मालिकेवर राहिलेल्यांसाठी ५.१२.६ ही आवृत्तीही देण्यात आली. दोन दिवसांत दुरुस्ती देणे आणि जुनी मालिका वाऱ्यावर न सोडणे, या दोन्हींसाठी मालक कंपनीला श्रेय द्यायला हवे. ५ मे रोजी पॅचस्टॅकने सविस्तर टिपण प्रसिद्ध केले, ज्यात सदोष ओळी, दुरुस्ती आणि दोष पडताळून पाहण्यासाठीचा नमुना पत्ता होता.

पुढे काय झाले ते अकामाई या कंपनीच्या सुरक्षा विभागाने आपल्या जाळ्यावरील वाहतुकीवरून नोंदवले. नमुना प्रसिद्ध झाल्यापासून सुमारे २४ तासांत हल्ल्याचे प्रयत्न सुरू झाले, आणि प्रयत्न करणाऱ्याने टिपणातील नमुनाच जसाच्या तसा उचलून वापरला होता. कोणत्याही विशिष्ट क्षेत्राला लक्ष्य केलेले नव्हते. जे दिसेल त्यावर दगड मारून पाहण्याचा तो प्रकार होता.

या निरीक्षणाचा अर्थ लावताना मात्र सावध राहायला हवे. परावर्तित दोषाचा नमुना पत्ता लॉगिन न करता थेट सर्व्हरवर पाठवला तर वर्डप्रेस त्या विनंतीला लॉगिनच्या पानाकडे वळवते. कोणाच्याही ब्राउझरमध्ये काहीही चालत नाही, आणि संकेतस्थळ सदोष आहे की नाही हेही त्यातून कळत नाही. म्हणजे त्या आठवड्यातील बरीचशी गर्दी दोष न समजून घेता चालवलेल्या यंत्रांची असणार. ज्याला दोष समजला होता तो मोफत आवृत्तीच्या ‘रीडमी’ फाइलवरून प्लगइनची आवृत्ती पाहील, सदोष संकेतस्थळांची यादी करील आणि मग त्यांच्या प्रशासकांना ई-मेल धाडील. असा हल्ला वाहतुकीच्या आलेखात उसळी म्हणून दिसत नाही.

दुरुस्तीनंतर लगेच तपशील जाहीर करावा का, यावर दोन मते आहेत. दुरुस्त आवृत्तीचा कोड उघड असतो आणि जुन्या-नव्या फाइलींतील फरक पाहून कोणीही जाणकार दोष काही मिनिटांत ओळखू शकतो, हा जाहीर करण्याच्या बाजूचा युक्तिवाद खराच आहे. तरीही कॉपी करून चालवता येईल असा पत्ता दुसऱ्याच दिवशी देणे मला पटत नाही. वर्डप्रेसमध्ये प्लगइनांच्या स्वयंचलित अपडेटची सोय ऑगस्ट २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून आहे, पण ती प्रत्येकाने स्वतः चालू करावी लागते. ज्यांनी ती केलेली नाही त्यांच्यासाठी ४ मे ते ५ मे हा काळ जवळजवळ शून्यच होता.

नोंदींत काय शोधावे

ज्यांची संकेतस्थळे त्या काळात जुन्या आवृत्तीवर होती, त्यांना मागे वळून पाहण्याची एक सोय या दोषाच्या स्वरूपातच आहे: घातक मजकूर पत्त्यात असल्यामुळे तो सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये (आलेल्या विनंत्यांच्या नोंदवहीत) उतरतो. रकाने-गटांच्या यादीच्या पानाची मागणी आणि पोस्ट स्टेटसमध्ये अवतरणचिन्हाचा संकेत किंवा ऑनलोडसारखा शब्द असलेल्या ओळी शोधाव्यात. उत्तराचा संकेत ३०२ असेल तर विनंती लॉगिनकडे वळवली गेली आणि ती निष्फळ ठरली. तो २०० असेल तर पान एखाद्या लॉगिन केलेल्या व्यक्तीला प्रत्यक्ष मिळाले आहे. मग त्या क्षणानंतर त्याच आयपी पत्त्यावरून नवा वापरकर्ता उघडण्याची किंवा फाइल संपादकाची विनंती गेली का, हे पाहावे लागते. प्रशासकांच्या यादीत अनोळखी नाव नाही एवढ्यावर समाधान मानू नये, कारण पीएचपी फाइलमध्ये लिहिलेला चोरदरवाजा त्या यादीत दिसत नाही.

सांध्यावरचा दोष

प्लगइनने गृहीत धरले की किंमत स्वच्छ आहे. गाभ्याने गृहीत धरले की प्लगइनने दिलेला मजकूर छापण्यायोग्य आहे. दोघांच्या मधला सांधा कोणाच्याच ताब्यात नव्हता. या प्रकरणाच्या आठ वर्षे आधी याच सांध्यावर याहून मोठा प्रकार घडला होता. पत्त्यात घटक जोडणारे ‘ॲड क्वेरी आर्ग’ आणि घटक काढणारे ‘रिमूव्ह क्वेरी आर्ग’ ही गाभ्याची फंक्शने आपले उत्तर एस्केप करत नाहीत, ही गोष्ट अधिकृत दस्तऐवजात पुरेशी स्पष्ट नव्हती. परिणामी जेटपॅक, योस्टचे एसईओ प्लगइन, ग्रॅव्हिटी फॉर्म्स, निंजा फॉर्म्स, अपड्राफ्टप्लस अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेक प्लगइनांत एकच चूक निघाली, आणि एप्रिल २०१५ मध्ये त्यांच्या विकसकांनी एकमेकांशी जुळवून घेऊन दुरुस्त्या एकत्र प्रसिद्ध केल्या. इतक्या अनुभवी लोकांनी एकच चूक केली, तेव्हा ती चूक फंक्शनच्या करारात होती असेच म्हणावे लागते.

२०२३ च्या प्रकरणातही दुरुस्ती आधी प्लगइनकडून झाली. नंतरच्या आवृत्त्यांत गाभ्यानेही बॉडीचे क्लास छापताना एस्क ॲट्र वापरायला सुरुवात केली. त्यामुळे या फिल्टरमधून दुसऱ्या एखाद्या प्लगइनने अशीच कच्ची किंमत पाठवली, तरी ती छापण्याच्या जागीच अडते. छापणाऱ्यानेच एस्केप करावे आणि ते छापण्याच्या अगदी आधी करावे, हा नियम वर्डप्रेसच्या मार्गदर्शिकांत आहेच. या फिल्टरपुरता गाभ्यालाच तो उशिरा लागू झाला.

नियम पाळण्याची किंमत काय असते, हे त्याच प्लगइनला २०२४ मध्ये मोजावे लागले. रकान्यातील मजकूर शॉर्टकोडने (लेखात चौकोनी कंसात लिहायच्या छोट्या आज्ञेने) पानावर आणता येत असे आणि तो एस्केप होत नसल्यामुळे ‘योगदानकर्ता’ या खालच्या दर्जाच्या वापरकर्त्यालाही पानात स्क्रिप्ट पेरता येत होती. हा साठवलेल्या प्रकारचा दोष होता, म्हणजे पान पाहणाऱ्या प्रत्येकाकडे तो पोहोचला असता. जानेवारी २०२४ च्या ६.२.५ आवृत्तीत शॉर्टकोडचे उत्तर गाळले जाऊ लागले, आणि ६.२.७ पासून ‘द फील्ड’ या छापणाऱ्या फंक्शनलाही तोच नियम लागला. ज्यांनी रकान्यांत नकाशांची आयफ्रेम, व्हिडिओ किंवा मोजणीचा कोड ठेवला होता त्यांच्यासाठी हा बदल अडचणीचा होता. म्हणूनच कंपनीने तो एका झटक्यात न करता आधी डॅशबोर्डवर इशारे दाखवले. ‘गेट फील्ड’ हे फंक्शन मात्र किंमत कच्चीच परत देते, कारण ते छापत नाही आणि त्या किमतीचे पुढे काय होणार हे त्याला कळू शकत नाही. त्याच्यापुढे नुसता ‘एको’ (जसेच्या तसे छापण्याची पीएचपीची आज्ञा) लिहून रकाना पानावर उतरवणाऱ्या थीम आजही असंख्य आहेत, आणि ती ओळ थीमच्या फाइलमध्ये असल्यामुळे प्लगइनचे कोणतेही अपडेट तिच्यापर्यंत पोहोचत नाही.